निवासी चिंतन शिबिर

निवासी चिंतन शिबिर (रूढ नाव: रिट्रीट) म्हणजे ख्रिस्ती मंडळीने किंवा एखाद्या संस्थेतील कर्मचाऱ्यांनी रोजच्या जागेपासून दूर, एकत्र मुक्काम करून प्रार्थना, मनन वा विचारविनिमय करण्याचा नियोजित कार्यक्रम होय. प्रवास, भोजन व मुक्काम सहलीतही असतो. फरक हेतूचा असतो. तो आधी ठरलेला नसेल, तर शिबिराची सहल होण्यास वेळ लागत नाही.

पार्श्वभूमी

पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याची बौद्ध भिक्षूंची वर्षावासाची प्रथा मराठवाड्यास जुनी आहे. अजिंठा व वेरूळ येथील विहार भिक्षूंच्या निवासासाठीच कोरले गेले. ख्रिस्ती परंपरेत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनाग्रंथास १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यातील पूर्ण साधनाक्रम सुमारे ३० दिवसांचा आहे.

पंडिता रमाबाई १८९५च्या सुमारास लोणावळ्याच्या शिबिरसभांना आपल्याकडील १५ ख्रिस्ती मुलींसह गेल्या होत्या. तेथे पहाटे रानात एकांती बसून, पुढील शिबिरापर्यंत ही संख्या १५चा वर्ग, म्हणजे २२५ व्हावी, अशी प्रार्थना केल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. शिबिराकडून काय हवे, हे इतक्या नेमकेपणाने मांडलेले क्वचितच आढळते.

पुढे पाचगणीच्या एशिया प्लॅटो केंद्रात (१९६८) उद्योगांतील कामगार व अधिकारी यांची शिबिरे होऊ लागली. मौनचिंतनासोबत भांडी घासण्यासारखी कामेही तेथे सहभागी व्यक्ती वाटून घेतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेचे १० दिवसांचे शिबिर निःशुल्क असते; मात्र मौनासह सर्व नियम अर्ज करतानाच मान्य करावे लागतात.

नियोजन

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागातील मुकुंदवाडीसारख्या वस्तीत तारीख ठरविणे हेच सर्वांत अवघड काम ठरते. जवळच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत असल्याने पाळीने काम करणाऱ्यांची सुट्टी रविवारीच येईल असे नाही; मंडळीला तर रविवारची उपासना सोडता येत नाही. म्हैसमाळ व वेरूळ परिसर एका मुक्कामाच्या शिबिरास पुरेसा जवळ आहे. लेणी पाहण्याचा बेत असल्यास वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असते, हे आधीच पाहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि पाणीटंचाई यांमुळे मुक्कामाच्या जागी पाण्याची सोय प्रत्यक्ष जाऊन तपासणे इष्ट. वक्ता ठरल्यानंतर हेतू शोधण्याची चूक सर्रास घडते.

प्रचार

मंडळीत उपासनेनंतरची घोषणा आणि कार्यालयात परिपत्रक ही प्रचाराची नेहमीची साधने होत. व्हॉट्सॲपवरील संदेश सर्वांपर्यंत पोहोचतो, पण नावनोंदणी बहुधा प्रत्यक्ष घरी जाऊन दिलेल्या निमंत्रणानेच वाढते. निमंत्रणात हेतू, तारखा, एकूण खर्च, नोंदणीची अंतिम मुदत आणि लहान मुलांची सोय यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मुलांच्या सोयीचा उल्लेख नसला की मातांची नावे यादीतून आपोआप गळतात. शुल्क न परवडणाऱ्यांसाठी सवलत ठेवली असल्यास ती मागणाऱ्याचे नाव गुप्त राहील, हेही लिहिणे आवश्यक असते.

कर्मचाऱ्यांच्या शिबिरात प्रश्न वेगळा असतो. उपस्थिती सक्तीची असेल, तर ते दिवस कामाचे धरले जातील की रजेचे, हे परिपत्रकातच नमूद करावे लागते. निरनिराळ्या धर्मांचे कर्मचारी असलेल्या संस्थेत प्रार्थनेचे सत्र ऐच्छिक ठेवणे उचित मानले जाते.