आणलेले फूल, नेलेले फूल

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र वाचताना ‘युनिटेरियन’ हा शब्द आपल्याला हमखास भेटतो. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते. तिथे जाण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली ती युनिटेरियनांकडून. आपला प्रार्थना समाज आणि हे युनिटेरियन यांचा घरोबा जुना. ईश्वर एक, त्याचा अवतार नाही, कोणताही ग्रंथ शेवटचा शब्द नाही, ही मते दोघांना जवळची होती. पण शिंदे भारतात परतल्यावर आपल्या चरित्रग्रंथांतून हा शब्दही मागे पडतो. त्या पंथाचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आज त्यातली एक छोटी गोष्ट सांगायची आहे. ती फुलांची आहे.

युनिटेरियन म्हणजे एकेश्वरी ख्रिस्ती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हा ख्रिस्ती धर्मातला त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी नाकारला. येशू थोर गुरू, पण देव नव्हे, असे ते मानू लागले. चमत्कार गेले, पापाची भीती गेली, नरक गेला. अमेरिकेत १८२५ साली त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा बोस्टन शहरातली बरीच शिकलेली माणसे याच विचाराची होती. बुद्धीला पटेल तेच मानायचे, हा त्यांचा बाणा.

बाणा चांगलाच. पण यातून एक अडचण उभी राहते. आपल्याकडच्या सुधारकांनाही ती जाणवली होती. न पटणारे एकेक बाजूला काढत गेले, की उपासनेच्या वेळी हातात काय उरते? व्याख्यान ऐकून माणूस शहाणा होतो, पण त्याचे मन भरते का?

ही अडचण सर्वांत आधी आणि सर्वांत जोराने मांडली ती राल्फ वाल्डो इमर्सन यांनी. इमर्सन यांचे वडील युनिटेरियन धर्मोपदेशक होते. इमर्सन स्वतः १८२९ मध्ये बोस्टनच्या सेकंड चर्चचे धर्मोपदेशक झाले. १८३१ साली त्यांची तरुण पत्नी एलन क्षयाने गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी चर्चला कळवले, की प्रभुभोजनाचा विधी मला मनापासून चालवता येत नाही. भाकरी आणि द्राक्षारस येशूच्या स्मरणार्थ वाटून घ्यायचा, हा ख्रिस्ती उपासनेचा गाभा. येशूने हा विधी कायमचा म्हणून घालून दिला होता, असे इमर्सन यांना वाटत नव्हते. चर्चला तो सोडायचा नव्हता. सप्टेंबर १८३२ मध्ये इमर्सन यांनी यावर एक प्रवचन दिले आणि चांगली, मानाची नोकरी सोडली.

मग ते युरोपला गेले. १८३३ मध्ये पॅरिसच्या वनस्पती उद्यानात शास्त्रीय पद्धतीने मांडून ठेवलेले पक्षी, शिंपले, झाडे पाहताना त्यांना या सृष्टीशी आपले आतून काही नाते असल्याचे जाणवले. १८३६ साली त्यांचे ‘नेचर’ हे छोटे पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे नावही नव्हते. ईश्वराला भेटायला जुन्या ग्रंथांतून आणि दुसऱ्यांच्या साक्षींवरून जायला नको, रानात उभ्या असलेल्या माणसाला ती भेट थेट होऊ शकते, असा त्याचा आशय. दोन वर्षांनी, १५ जुलै १८३८ रोजी, हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात भावी धर्मोपदेशकांपुढे त्यांनी हेच आणखी रोखठोक सांगितले. त्या भाषणात एक आठवण आहे. एक धर्मोपदेशक प्रवचन देत होता आणि बाहेर बर्फ पडत होते. इमर्सन यांना खिडकीतून दिसणारे बर्फ खरे वाटले, पण समोरचा उपदेशक खरा वाटेना. भाषणावर गदारोळ झाला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्यांना बोलावले नाही.

इमर्सन यांचे तरुण मित्र हेन्री डेव्हिड थोरो आपल्याला गांधीजींमुळे ओळखीचे आहेत. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे ते वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहिले. ती जागा इमर्सन यांच्याच मालकीची होती. चर्चचे सदस्यत्व थोरो यांनी त्याआधीच नाकारले होते.

म्हणजे पाहा, निसर्गात अध्यात्म शोधण्याची वाट युनिटेरियनांच्याच घरातून निघाली, पण ती घराबाहेर गेली. इमर्सन व्यासपीठ सोडून गेले, थोरो तळ्याकाठी गेले. ज्याला लिहिता येते, ज्याला एकांत परवडतो, त्याचे ठीक. बाकीच्यांनी काय करायचे? आठवडाभर दुकान किंवा शाळा सांभाळणाऱ्या, लेकराबाळांच्या माणसाने रविवारी कुठे जायचे?

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते नव्वद वर्षांनी, आणि तेही अमेरिकेत नव्हे, तर प्राग शहरात. नॉर्बर्ट चापेक यांचा जन्म १८७० सालचा, कॅथलिक घरातला. तरुणपणी ते बाप्टिस्ट झाले आणि त्या पंथाचे उपदेशक म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले. १९१४ मध्ये ते अमेरिकेला गेले, तिथे विचार बदलत गेले आणि अखेर ते युनिटेरियन झाले. चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर, १९२१ मध्ये, ते आणि त्यांच्या पत्नी माया मायदेशी परतले आणि प्रागमध्ये त्यांनी नवी मंडळी उभी केली.

या मंडळीत आलेले बहुतेक लोक कॅथलिक चर्चवर नाराज होऊन आलेले होते. झगे, धूप, घंटा, भाकरी, द्राक्षारस, कशाचीच त्यांना ओढ नव्हती. उपासना म्हणजे जवळजवळ व्याख्यानच असे. पण एकमेकांशी बांधले जाण्यासाठी काहीतरी हातात घ्यावे लागते, हे चापेक यांनी ओळखले. इमर्सन यांच्यापुढे जी अडचण होती तीच ही. फरक इतकाच, की चापेक सोडून गेले नाहीत, त्यांनी भाकरीच्या जागी फूल ठेवले.

जून १९२३ मध्ये पहिला फुलांचा उत्सव झाला. पद्धत अगदी साधी. प्रत्येकाने येताना एक फूल आणायचे, बागेतले, शेतातले किंवा रस्त्याच्या कडेचे. ते दाराशी मोठ्या फुलदाणीत ठेवायचे. उपासना झाली की जाताना त्यातले एक फूल घ्यायचे, आपण आणलेले नव्हे, दुसऱ्या कोणाचे. ते कोणी आणले हे विचारायचे नाही. दोन फुले सारखी नसतात आणि प्रत्येक फुलामुळे तो गुच्छ पुरा होतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कॅथलिक घरातल्या माणसाला त्यात अडचण नव्हती, ज्यू घरातल्याला नव्हती आणि देव न मानणाऱ्यालाही नव्हती.

पुढे जे झाले त्याने या साध्या विधीला वेगळे वजन आले. १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. चापेक यांना अमेरिकेत आसरा मिळू शकत होता, पण ते आपल्या माणसांना सोडून गेले नाहीत. माया अमेरिकेत होत्या, आणि १९४० साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या युनिटेरियन चर्चमध्ये त्यांनी हा फुलांचा उत्सव प्रथम केला. मार्च १९४१ मध्ये गेस्टापोने चापेक यांना अटक केली. त्यांच्यावरचा एक आरोप परदेशी रेडिओ ऐकल्याचा होता. रेडिओ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांची रवानगी डाखाऊच्या छळछावणीत झाली आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये ऑस्ट्रियातल्या हार्टहाइम इथे विषारी वायूने त्यांचा जीव घेण्यात आला. ते तेव्हा ७२ वर्षांचे होते. माया यांची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

इथे जरा थांबून एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. निसर्गावर प्रेम करणारा माणूस आपोआप चांगला होतो, असे आपण सहज म्हणतो. पण १९३५ साली जर्मनीत निसर्गसंरक्षणाचा कायदा झाला, तो नाझी राजवटीनेच केला. आपली माती, आपले अरण्य यांचे गोडवे तेही गात होते. त्यांच्या अरण्यप्रेमात ‘आपले’ या शब्दाला महत्त्व होते. चापेक यांच्या विधीत मात्र दुसऱ्याचे फूल हाती घ्यायचे आणि ते कोणाचे हे विचारायचे नाही, हीच मुख्य गोष्ट होती. फुले दोन्हीकडे होती, पण त्यांतून निघणारा धर्म एक नव्हता.

युद्धानंतर अमेरिकेत या फुलाला नवी जागा मिळाली. १९४८ साली तिथल्या युनिटेरियन संघटनेने ठरवले, की ज्या गावात चर्च बांधण्याइतके लोक नाहीत, तिथे दहा जण जमले तरी त्यांना मान्यता द्यायची. पगारी धर्मोपदेशक नको, इमारत नको. अशा मंडळीला ‘फेलोशिप’ म्हणत. पहिली फेलोशिप कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावी झाली. १९६७ पर्यंत चाललेल्या या योजनेतून शेकडो मंडळ्या निघाल्या. काही बंद पडल्या, काही वाढून चर्च झाल्या, काही आजही तितक्याच छोट्या आहेत. कोणाच्या दिवाणखान्यात, कुठे शाळेच्या खोलीत खुर्च्या मांडायच्या, एकाने विषय मांडायचा, मग चर्चा आणि कॉफी. यांतले पुष्कळ जण कट्टर बुद्धिवादी होते. प्रार्थना म्हटले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. प्रागच्या मंडळीसारखीच त्यांचीही गत होती. मने जुळत, पण ती बांधून ठेवायला हातात काही नव्हते.

फुलांचा उत्सव त्यांना मानवला. त्याला दीक्षा घेतलेला पुरोहित लागत नाही, एखादी शाळामास्तरीण किंवा मोटार दुरुस्त करणाराही तो चालवू शकतो. जूनमध्ये वर्षाच्या शेवटच्या उपासनेला तो करण्याचा प्रघात पडला. १९८० साली मिशिगन राज्यात भरलेल्या स्त्रियांच्या एका मेळाव्यासाठी कॅरोलिन मॅकडेड आणि ल्यूसिल लाँगव्ह्यू यांनी असाच पाण्याचा विधी रचला. दूरदूरहून आलेल्या स्त्रियांनी आपापल्या ठिकाणचे पाणी आणून एका पात्रात ओतले. काशीहून गंगा आणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचे नाही. फरक एवढाच, की इथे कोणतेही पाणी चालते, नळाचेसुद्धा. बऱ्याच मंडळ्यांत सुट्ट्यांनंतर सप्टेंबरमध्ये उपासना सुरू होते ती या पाण्याने.

विधीमागून तत्त्व आले. १९६१ मध्ये युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट या दोन पंथांची मिळून एक संघटना झाली होती. तिने १९८५ साली सात तत्त्वे मान्य केली. सातवे तत्त्व असे, की सगळे अस्तित्व परस्परांत विणलेले आहे, आपण त्या विणीचा भाग आहोत आणि तिचा आदर राखला पाहिजे. देव मानणाऱ्याने यावर सही करावी आणि न मानणाऱ्यानेही. २०२४ मध्ये या सात तत्त्वांची मांडणी बदलून मूल्यांची नवी मांडणी स्वीकारली गेली, तिच्यातही परस्परावलंबन राहिलेच.

इमर्सन यांनी खिडकीबाहेर पाहिलेले बर्फ खरे होते, यात शंका नाही. पण खिडकीतून जे एकट्याला दिसते ते दहा जणांच्या मधे आणून ठेवणे, हे वेगळे काम आहे, आणि ते करायला प्रतिभा लागत नाही. सकाळी अंगणातले एक फूल खुडावे लागते, आणि संध्याकाळी जे हाती येईल ते, कोमेजलेले असले तरी, नीट घरी न्यावे लागते.

२०२३ मध्ये या उत्सवाला शंभर वर्षे झाली. प्रागमध्ये आणि अनेक देशांतल्या लहानमोठ्या मंडळ्यांत ती शंभरी साजरी झाली. दरवर्षी जूनमध्ये कुठल्या तरी छोट्या गावात दहापंधरा माणसे आजही एका फुलदाणीभोवती जमतात. चापेक यांचे नाव घेतले जाते, आणि जाताना प्रत्येक जण दुसऱ्याने आणलेले फूल घेऊन घरी जातो.