अस्सल ठरलेली नक्कल

दुकानांच्या स्वनामांकित स्वस्त डब्यांशेजारी आज अस्सल म्हणून चढ्या भावाने मांडलेला प्रिंगल्सचा नळकांडी डबा जेव्हा १९६८ साली अमेरिकेतील इंडियाना प्रांतात प्रथम विक्रीस आला, तेव्हा ताजे बटाटे कापून तळणाऱ्या जुन्या कारखानदारांनी, सुकविलेल्या बटाट्याचे पीठ मळून, लाटून, साच्यात वळविलेल्या या पदार्थास ‘चिप्स’ म्हणविण्याचा हक्कच नाही, अशी सरकारदरबारी तक्रार गुदरली. आणि १९७५ साली निवाडा झाला की, ते नाव वापरावयाचे तर ‘सुकविलेल्या बटाट्यांपासून केलेल्या’ हा खुलासा सोबत असलाच पाहिजे. मला हा निवाडा सर्वस्वी न्याय्य वाटतो. एक चकती तळहातावर घेऊन पाहावी: सालीची तपकिरी कड नाही, जाडी कमीअधिक नाही, आणि खोगिरासारखे तेच वळण शेजारच्या स्वस्त डब्यातही.