पडद्यावरचं चित्र खरंच हलतं का?

शहापूर-मुरबाडकरांना मुंबईला जाताना कल्याण लागतंच. याच कल्याणात १८९२ मध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. थोड्या थोड्या बदललेल्या चित्रांच्या काचा भराभर सरकवल्या की पात्र हलल्यासारखं वाटे. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ ला!

त्या सिनेमात सेकंदाला साधारण १६ चित्रं असत. हालचालीचा भास व्हायला तेवढी पुरतात, पण प्रकाशाची लुकलुक जाणवत राहते. ती जाणवेनाशी व्हायला सेकंदाला पन्नासच्या आसपास झोत लागतात. म्हणून प्रोजेक्टरला फिरती पाती बसवून एकच चित्र दोन-तीनदा दाखवू लागले. बोलपट आल्यावर वेग २४ वर स्थिरावला, कारण वेग बदलला की आवाजही बिघडतो. जुने मूकपट याच वेगानं चालवले की माणसं तुरुतुरु पळतात, ती यामुळेच.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास उलटा प्रयोग केला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं ठरावीक वेळानं एकेक चित्र घेऊन अनेक दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. त्याच वर्षी जर्मनीत मॅक्स वर्थायमर यांनी दाखवून दिलं की स्थिर गोष्टी ठरावीक अंतरानं दिसल्या तरी मेंदू त्यांतून हालचाल उभी करतो. ‘प्रतिमा डोळ्यांत रेंगाळते म्हणून चित्र हलतं’ हे पुस्तकी उत्तर अपुरंच आहे.

सिनेमाच्या ध्यासात फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. त्यामुळे पालक विचारतात, मोबाइलच्या ६० फ्रेमनी डोळे जातील का? नाही. तासन्‌तास पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, हे मात्र खरं.

काळजी वेगळ्या लुकलुकीची. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं; काहींना झटके आले होते. फिट्सच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांनाच प्रकाशाचा असा त्रास होतो. अशा मुलाला टीव्हीपासून लांब, खोलीत दिवा लावून बसवा. चमचमाट सुरू झाला तर लगेच एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून मान वळवायला शिकवा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.