हाताने जोखलेली कोंबडी

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील वॉरन या गावी नेटी मेटकाफ नावाच्या शेतकरी बाईंनी १८९६ च्या सुमारास आपल्या खुराड्यात एक उद्योग आरंभला. पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबड्यांवर त्यांनी बदामी रंगाचा कोचीन कोंबडा सोडला. (कोचीन म्हटल्यावर आपल्याला केरळ आठवते, पण ही जात शांघायकडून पश्चिमेत गेली, नाव मात्र कोचीनचे चिकटले.) पिल्ले थोराड निघाली, पण सुस्त. मग मेटकाफबाईंनी झुंजीच्या जातीतला, काळ्या छातीचा तांबडा कोंबडा त्यांत मिसळला. त्यातून जी काही तांबडी पिल्ले निपजली, त्यांचाच वंश त्यांनी पुढे चालवला. ओहायोतील बकआय झाडाच्या तांबूस-तपकिरी बीवरून जातीचे नाव पडले ‘बकआय’. १९०४ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली.

हा नुसता रंगाचा हौसेचा खेळ नव्हता. ओहायोचा हिवाळा कडक. उभा, पातळ तुरा थंडीने गारठून झडतो. झुंजीच्या कोंबड्याकडून बकआयला डोक्याशी चिकटलेला, मटारासारख्या बारीक गाठींचा बुटका तुरा मिळाला. त्याच कोंबड्याकडून चपळाई, जाड मांड्या आणि रानोमाळ चरून पोट भरण्याची सवयही आली.

योगायोग असा की, हीच वर्षे आनुवंशशास्त्राच्या जन्माची होती. १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि १९०२ साली केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी ते प्राण्यांनाही लागू पडतात हे कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवले. साध्या एकेरी तुऱ्याशी संकर केला, तर पहिल्या पिढीत मटारी तुरा वरचढ ठरतो. तुऱ्याचा हिशेब असा सरळ आहे. वजन, वाढीचा वेग आणि अंडी यांचा मात्र तसा नाही. ते गुण अनेक घटकांवर अवलंबून असतात आणि दर पिढीत पारखून घेतले नाहीत, तर हळूहळू हातचे निसटतात. बकआयचे पुढे हेच झाले.

१९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर तीत पहिला आला. कॉर्निशचे जुने नाव ‘इंडियन गेम’. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात ती घडवताना आपली झुंजार असील वापरली गेली होती. आज आपल्या बाजारात मिळणाऱ्या ब्रॉयलरच्या वंशावळीत हा धागा आहे. पण ब्रॉयलर हा संकर. त्याची पिल्ले आईबापांसारखी निपजत नाहीत. दर खेपेला पिल्ले कंपनीकडून विकत घ्यायची. म्हणजे पैदाशीची निवड शेतकऱ्याच्या खुराड्यातूनच उठली.

उरलेल्या बकआय हौशी लोकांकडे राहिल्या. पिसांचा रंग पाहून कोंबडा ठेवायचा, वजन मात्र तोलायचे नाही, असे झाले की जात दिसायला शाबूत राहते आणि आतून पोकळ होते. शतकअखेरीस बकआयची संख्या इतकी घटली होती की, जुन्या पशुजाती जपणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली.

२००५ मध्ये या संस्थेने तिला सावरण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मार्ग दाखवला तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांनी. पद्धत साधी होती. आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात प्रत्येक पक्षी तोलायचा. पाठीवरून तळहात फिरवून ती रुंद व सपाट आहे का, हे पाहायचे. छातीच्या हाडाची लांबी अजमावायची. तलंगेच्या मागच्या बाजूला, जिथून अंडे बाहेर येते तिथल्या दोन हाडांत किती बोटे मावतात, ते पाहायचे. यांत उतरतील तेवढेच पक्षी पैदाशीला ठेवायचे, बाकीचे स्वयंपाकघरात. तीन पिढ्यांत वजन वाढले आणि पक्षी लवकर तयार होऊ लागले. प्रयोगशाळा लागली नाही; तराजू, वही आणि नको ते बाजूला काढण्याची तयारी पुरली.

हे सारे आठवायचे कारण आपल्याजवळचे आहे. झाबुआ भागातील भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही तिच्या काळ्या मांसासाठी. लगोलग भाव चढले. २०१९ मध्ये कडकनाथपालनाच्या योजनांत पैसे बुडाल्याच्या तक्रारी घेऊन पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी पोलिसांकडे गेले. त्या गदारोळात पिल्लांची संख्या मोजली गेली, अंड्यांचा दर मोजला गेला. कोणता कोंबडा वंशाला ठेवावा आणि का, याची चर्चा क्वचितच झाली. काळा रंग टिकवणे तुलनेने सोपे आहे. रोगाला दाद न देणारी, उकिरड्यावर चरून अंगाने भरणारी, खुडूक बसून पिल्ले काढणारी कोंबडी टिकवायची, तर दर पिढीत कुणीतरी तिला हातात घेऊन पाहावे लागते.

वॉरनच्या खुराड्यात एका बाईने ते काम केले, झाबुआच्या पाड्यांवर अनेकींनी केले असेल. मेटकाफबाईंचे नाव नोंदले गेले, या बायकांचे नाही. मानांकनाच्या कागदावर प्रदेशाचे नाव येते. निवड करणाऱ्या हातांची नोंद अजून व्हायची आहे.