मॅमथ केव्ह : गुहा पाण्याची, वाट कोणाची?



गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा आठवतं, वेरूळ आठवतं. पण ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली. आज मी ज्या गुहेबद्दल बोलणार आहे ती पाण्याने तयार केली आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह. मोजलेली लांबी ६७५ किलोमीटरहून जास्त, म्हणजे आजवर माहीत असलेली जगातली सर्वांत लांब गुहा. केसाळ हत्तीशी नावाचा संबंध नाही बरं का. अवाढव्य म्हणून मॅमथ.

आधी ती झाली कशी ते बघू. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. शंखशिंपल्यांचे, समुद्री जिवांचे अवशेष तळाशी साचत गेले आणि त्यांची चुनखडी झाली. त्यावर पुढे वाळूच्या दगडाचा थर बसला. आता पावसाचं पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आम्ल बनतं. सोडावॉटरमध्ये असतं तेच हे आम्ल, फक्त फार सौम्य. चुनखडीच्या भेगांत ते शिरतं आणि दगड विरघळवत राहतं. भेगेची फट होते, फटीचा बोगदा होतो. शेजारची ग्रीन नदी जसजशी आपलं पात्र खोल करत गेली, तसतसं गुहेतलं पाणीही खाली उतरलं आणि वरचे बोगदे कोरडे पडले. म्हणून ही गुहा मजल्यामजल्यांची आहे.

शाळेच्या भूगोलात आपण लवणस्तंभ शिकलो. विशाखापट्टणमजवळच्या बोरा गुहा पाहिलेल्यांना ते प्रत्यक्ष आठवत असतील. मॅमथ केव्हमध्ये मात्र बऱ्याच भागात ते नाहीतच! कारण वरचं वाळूच्या दगडाचं छप्पर पाणी झिरपू देत नाही. जिथे ते छप्पर झिजलंय तिथेच थेंब ठिबकतात आणि चुना साचून स्तंभ होतात.

हे झालं पाण्याचं काम. आता माणसांचं.

१८१२ च्या युद्धात या गुहेतल्या मातीतून सोरा काढत, बंदुकीच्या दारूसाठी. राबणारे बहुतेक गुलाम. युद्ध संपलं, सोऱ्याचा भाव पडला आणि १८१६ च्या सुमारास गुहा पैसे घेऊन दाखवायला सुरुवात झाली. १८३८ मध्ये नव्या मालकाने एका तरुण गुलामाला गाईड म्हणून आणलं. त्याचं नाव स्टीफन बिशप. वय जेमतेम सतरा.

गुहेत एका ठिकाणी शंभर फुटांहून खोल खड्डा आहे. त्याला ‘बॉटमलेस पिट’ म्हणजे अथांग खड्डा म्हणत, आणि दाखवायची गुहा तिथे संपायची. स्टीफनने त्यावर शिडी आडवी टाकली आणि एका पाहुण्याला घेऊन तो पलीकडे गेला. हातात मिणमिणता दिवा, खाली काळोख. पलीकडे त्याला नवे बोगदे सापडले, भूमिगत नद्या सापडल्या, त्यांत डोळे नसलेले मासे सापडले.

१८३९ मध्ये डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली. सोबत स्टीफनही विकला गेला. हे वाक्य मला दर वेळी अडतं. ज्याला गुहेचा कोपरान् कोपरा ठाऊक, तोच तिच्या मालमत्तेच्या यादीत! १८४२ मध्ये क्रोगननी त्याला आपल्या घरी नेऊन गुहेचा नकाशा काढायला लावला. त्याने तो आठवणीतून काढला. १८४५ च्या एका पुस्तकात तो छापला गेला, आणि त्यावर स्टीफनचं नाव होतं. गुलामाला असं श्रेय मिळणं त्या काळात फार दुर्मीळ.

त्याच क्रोगननी १८४२-४३ च्या हिवाळ्यात क्षयाचे रुग्ण गुहेत ठेवले. आतली हवा वर्षभर साधारण १२ अंश असते, ती मानवेल अशी आशा. चुलीचा धूर, ओल, अंधार. काही रुग्ण दगावले आणि प्रयोग बंद पडला. १८४९ मध्ये क्रोगन स्वतः क्षयानेच गेले. मृत्युपत्रात लिहिलं होतं की गुलामांना सात वर्षांनी मुक्त करावं. म्हणजे स्टीफन सुटला १८५६ मध्ये. आणि १८५७ मध्ये वारला. स्वातंत्र्य मिळालं ते जेमतेम वर्षभर. त्याच्या कबरीवर दगड आला १८८१ मध्ये, तोही दुसऱ्या कोणासाठी घडवलेला, आणि त्यावर मृत्यूचं साल चुकून १८५९ कोरलेलं.

त्याच्याबरोबर मॅट आणि निक ब्रान्सफर्ड हेही गुलाम गाईड होते. ब्रान्सफर्ड घराण्याच्या पिढ्यांनी पुढे शंभर वर्षं गुहा दाखवली. १९४१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि सरकारी नोकरीत या कृष्णवर्णीय गाईडना जागा मिळाली नाही. त्या घराण्यातला एक वंशज पुन्हा तिथे गाईड झाला, तो थेट २००४ मध्ये.

गुहा बघायला गेलो की आपण विचारतो, ही किती जुनी? बरोबरच आहे. पण आणखी एक विचारा: आपण चालतोय ती वाट आधी कोणी शोधली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दगडात सापडतं. दुसऱ्याचं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर ते जातं.

आजच्यापुरतं इतकंच. तुम्ही पाहिलेल्या गुहेबद्दल जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!