शून्य रुपयांचे तिकीट

आमच्या फुफीने, म्हणजे आत्याने, पंच्याहत्तरी कधीच ओलांडली. मालवणच्या स्टँडवर एसटीत बसली की ती आधार कार्ड पुढे करते आणि कंडक्टर तिला शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो. ‘फुकट आहे तर कागद कशाला रे?’ असे ती मला विचारते. खरे तर सगळे अर्थशास्त्र त्या कागदातच आहे. महामंडळ ही तिकिटे मोजते आणि भाड्याची भरपाई राज्य सरकारकडे मागते. म्हणजे प्रवास फुकट होत नाही, खिसा तेवढा बदलतो.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आमच्या किनाऱ्यावरची माणसे तेव्हा पडावातून आगबोट गाठून मुंबईला जात. पुढे एसटी गावोगाव पोचली, रात्रीची वस्तीची गाडी आली. ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळू लागला. माझ्या मते सगळ्या सवलतींत हीच खरी कमाईची. पण तिचा हिशेब ताळेबंदात दिसत नाही.

26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. त्याआधी 2021-22 च्या संपात गाड्या कित्येक महिने उभ्या होत्या. तेव्हा तिकिटाच्या दराचा प्रश्नच नव्हता, गाडीच नव्हती.

फुकट एसटीने हवा स्वच्छ होईल, असेही ऐकू येते. युरोपात एस्टोनियाच्या तालिन शहराने 2013 साली रहिवाशांना बस-ट्राम मोफत केली. वर्षभरानंतरच्या पाहणीत सार्वजनिक वाहनांचा वापर सुमारे 14 टक्क्यांनी वाढलेला दिसला; पण मोठी घट झाली ती पायी चालण्यात, मोटारी थोड्याच कमी झाल्या. आपल्याकडेही मोटारसायकलवरचा पोरगा तिकीट माफ केले म्हणून स्टँडवर तासभर ताटकळणार नाही. तो येईल गाडी वेळेवर आली तर. पेट्रोल वाचवायचे असेल तर फेऱ्या वाढवायला हव्यात, आणि त्याला पैसे लागतात.

मग सवलत वाया गेली का? तसे मी म्हणणार नाही. अर्धी रिकामी गाडी तशीही डिझेल जाळतेच. तीत चार म्हातारी माणसे बसली तर बिघडले काय? फुफी आता सुनेकडे पैसे न मागता बाजारात जाते, लेकीकडे जाते, दवाखान्यात जाते.

फक्त बांबोळीच्या इस्पितळात जायचे झाले की तिला बटवा उघडावा लागतो. सवलत राज्याच्या हद्दीपुरती. पत्रादेवीला गोवा लागतो, आणि तिथून पुढे फुफीचेही पूर्ण तिकीट.