चौथे जाळे : ड्यूमाँटची हकीकत

अमेरिकेतल्या टेलिव्हिजनचा इतिहास सांगायला बसले की तीन नावे हटकून पुढे येतात – एन.बी.सी., सी.बी.एस. आणि ए.बी.सी. वाचकहो, मी तुम्हांला आज चौथ्या नावाची हकीकत सांगणार आहे. ते नाव ड्यूमाँट. १९४६ ते १९५६ अशी उणीपुरी दहा वर्षे हे जाळे चालले आणि मिटले. आपले मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तोवर ड्यूमाँटला जाऊन सोळा वर्षे झाली होती. तेव्हा हे नाव तुमच्या कानांवरून गेले नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही.

‘जाळे’ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. एका शहरात कार्यक्रम करायचा, तो तारेने दुसऱ्या शहरांतल्या केंद्रांना पुरवायचा आणि त्या केंद्रांनी तो त्याच वेळी आपापल्या मुलखात दाखवायचा. आकाशवाणीच्या एका केंद्रावरचे बातमीपत्र दुसरी केंद्रे सहक्षेपित करतात, तसेच काहीसे. फरक इतकाच, की अमेरिकेतली ही जाळी खाजगी, आणि त्यांचे पोट जाहिरातींवर.

ॲलन ड्यूमाँट हा मूळचा इंजिनियर. जन्म १९०१, ब्रुकलिनचा. लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळला आणि त्याच दिवसांत त्याला रेडिओचा नाद लागला. १९३१ साली न्यू जर्सीतल्या आपल्या राहत्या घरीच त्याने प्रयोगशाळा थाटली. टेलिव्हिजनचे चित्र ज्या काचेच्या नळीवर उमटे, ती नळी तेव्हा पंचवीस-तीस तासांत निकामी होई. ड्यूमाँटने हजार तास टिकणारी नळी केली. १९३८ साली त्याचे टेलिव्हिजन संच बाजारात आले. पण संच विकत घेणाऱ्याला त्यात काहीतरी दिसायला तर पाहिजे! नांगर विकणाऱ्यानेच शेतही करून दाखवावे, तशी ही गत. न्यूयॉर्कमध्ये त्याने केंद्र काढले; त्याचे नाव त्याच्याच आद्याक्षरांवरून डब्ल्यू.ए.बी.डी. दुसरे काढले वॉशिंग्टनला. १९४६ मध्ये ही दोन केंद्रे तारेने जोडली गेली आणि जाळे सुरू झाले.

आता अडचण पाहा. एन.बी.सी. आणि सी.बी.एस. ही रेडिओतली जुनी, गबर घराणी. नट, गायक, विनोदवीर, जाहिरातदार, सगळे त्यांच्या पदरी. रेडिओवर गाजलेला माणूस उचलायचा आणि कॅमेऱ्यापुढे उभा करायचा, की झाला कार्यक्रम. ड्यूमाँटकडे रेडिओच नव्हता. उसने आणायला काही नाही, म्हणून जे करायचे ते नव्याने करायचे. गरिबीमुळे कला फुलते असे मी म्हणणार नाही; पुष्कळदा गरिबीमुळे कामही गरीबच होते. ड्यूमाँटवरही कुस्त्या आणि मुष्टियुद्धे यांची भरताड फार होती. पण त्या भरताडीत काही कार्यक्रम असे निघाले, की थोरल्यांनी पुढे त्यांचीच वाट धरली.

त्यांच्या स्टुडिओतला एक तर वॉनामेकर नावाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत होता. १९४९ पासून ‘कॅप्टन व्हिडिओ’ ही मुलांची मालिका चाले. गोष्ट दूरच्या भविष्यातली, अंतराळातली. आणि यंत्रे-शस्त्रे यांच्यासाठी आठवड्याचा खर्च म्हणे पंचवीस डॉलर! पुठ्ठा आणि घरातल्या मोडक्यातोडक्या वस्तू जोडून ही भावी काळातली यंत्रे उभी राहत. कार्यक्रम रोज संध्याकाळी, अर्धा तास, थेट. चूक झाली तर झाली. अर्धा तास भरायचा कसा? मग नायकाचा साथीदार एका पडद्याकडे वळे आणि पृथ्वीवरचे आपले हेर काय करताहेत ते पाहू म्हणे. आणि त्या पडद्यावर दिसे जुन्या काऊबॉयपटांतला घोडेस्वारांचा तुकडा. भविष्यातले हेर घोड्यावर! पण पोरांना त्याचे काही वाटत नसे. आपल्या गावच्या सोंगांत काठीची तलवार होते, ती कुणाला खटकते का?

शिक्षकबंधूंना दुसरा कार्यक्रम अधिक जवळचा वाटेल. १९५२ च्या फेब्रुवारीपासून मंगळवारी रात्री आठ वाजता फुल्टन शीन नावाचे कॅथॉलिक बिशप व्याख्यान देत. ती वेळ म्हणजे मारक्या बैलापुढे उभे राहणे. कारण त्याच वेळी एन.बी.सी.वर मिल्टन बर्ल हा विनोदवीर असे आणि साऱ्या देशात त्याची चलती. शीन यांच्यापाशी होता एक फळा आणि खडू. हातात टिपण नाही. सुमारे अठ्ठावीस मिनिटे ते नुसते बोलत आणि वेळेवर थांबत. फळा भरला की कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून रंगमंचावरचा माणूस तो पुसून ठेवी, आणि शीन त्याला गमतीने आपला देवदूत म्हणत. धर्मोपदेश असला तरी ऐकणारे सगळ्या धर्मांचे असत. १९५३ मध्ये शीन यांना एमी हे मानाचे पारितोषिक मिळाले. निव्वळ फळ्यावर इतके लोक बांधून ठेवता येतात, हे वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या आम्हां मास्तरांना थोडे सुखावणारे आहे, आणि थोडे ओशाळवाणेही.

१९५० साली हेझल स्कॉट या कृष्णवर्णीय पियानोवादिकेला ड्यूमाँटने तिच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम दिला. राष्ट्रीय जाळ्यावर कृष्णवर्णीय स्त्रीने चालवलेला असा हा पहिलाच. त्या दिवसांत कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशयही माणसाची भाकरी हिरावून घेई. एका पुस्तिकेत संशयितांच्या यादीत तिचे नाव छापून आले. सप्टेंबर १९५० मध्ये ती आपण होऊन काँग्रेसच्या समितीपुढे गेली, आरोप नाकारले आणि अशा याद्यांवरच टीका केली. आठवड्याभरात तिचा कार्यक्रम बंद झाला. धाकट्या जाळ्याने दार उघडले खरे. पण वारा सुटल्यावर ते धरून ठेवण्याचे बळ त्याच्यात नव्हते. पुढच्याच वर्षी ॲना मे वाँग या चिनी वंशाच्या नटीला प्रमुख भूमिका देऊन एक मालिका काढली, तीही काही आठवडेच टिकली.

मग चार वर्षांनी, १९५४ मध्ये, याच जाळ्याच्या हातून एक मोठे काम झाले. सिनेटर मॅकार्थी आणि सैन्यदल यांच्या वादाची सुनावणी २२ एप्रिलपासून छत्तीस दिवस चालली. ती अथपासून इतिपर्यंत थेट दाखवली ए.बी.सी.ने आणि ड्यूमाँटने. थोरल्या दोघांना दुपारच्या जाहिराती सोडवेनात. या दोघांकडे दुपारी गमवायला फारसे नव्हतेच. ९ जूनला जोसेफ वेल्च या वयस्क वकिलाने मॅकार्थींना सभ्यतेची काही चाड उरली आहे का, असे तोंडावर विचारले, ते लक्षावधी लोकांनी घरी बसून पाहिले. मॅकार्थींचा उतार तेथून वेगाने सुरू झाला. याला ड्यूमाँटचे शौर्य म्हणावे की रिकामा वेळ? माझ्या मते रिकामा वेळच. पण इतिहासात रिकाम्या वेळानेही कामे होतात.

मग हे जाळे बुडाले का? कार्यक्रम वाईट म्हणून बुडाले, हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच मला ते पटत नाही. खरे कारण परवान्यांत आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकी सरकारच्या आयोगाने नव्या केंद्रांचे परवाने थांबवले, ते १९५२ च्या एप्रिलपर्यंत. पुष्कळ शहरांत एक किंवा दोनच केंद्रे. त्यांनी थोरल्यांशी सोयरीक केली. धाकट्याला जागाच उरली नाही. १९५२ नंतर नवी केंद्रे निघाली, पण त्यांतली बरीचशी यूएचएफ लहरींवर, आणि जुन्या संचांवर त्या वेगळे यंत्र जोडल्याशिवाय दिसत नसत. त्यात आणखी एक त्रांगडे. एका मालकाला पाचच केंद्रे ठेवता येत. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा ड्यूमाँटमध्ये हिस्सा होता आणि तिची स्वतःची दोन केंद्रे होती. आयोगाने ती ड्यूमाँटच्या खाती धरली. म्हणजे उरली तीन. त्यांतले पिट्सबर्गचे केंद्र सोन्याची कोंबडी होते, कारण त्या मोठ्या शहरात बराच काळ दुसरे तोडीचे केंद्रच नव्हते. पैशाच्या ओढीने तेही ९७ लाख ५० हजार डॉलरना विकावे लागले. विहीर विकून मोट घ्यावी, तसे झाले. ६ ऑगस्ट १९५६ ला एका मुष्टियुद्धाचे प्रक्षेपण झाले आणि जाळे मिटले. ड्यूमाँट १९६५ साली वारला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढचा भाग अधिक लागतो. त्या काळी कार्यक्रम टिपून ठेवायचा म्हणजे संचाच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याचे चित्र घ्यायचे. अशा फिल्मा हजारोंनी होत्या. पुष्कळ त्यांतल्या चांदीसाठी नष्ट झाल्या. १९९६ साली ईडी ॲडम्स या नटीने अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या चौकशीत साक्ष दिली. तिचे म्हणणे, सत्तरीच्या दशकाच्या आरंभी उरलेल्या फिल्मा ठेवायच्या कुठे आणि खर्च कुणी करायचा, असा प्रश्न पडला, तेव्हा त्या तीन ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवण्यात आल्या. आज उरलेत ते काही शेकडा भाग. ॲना मे वाँगच्या मालिकेचा एकही भाग हाती नाही. हेझल स्कॉटच्या कार्यक्रमाचेही तसेच. तिची ती पंधरा मिनिटे कशी होती, हे आपल्याला वर्तमानपत्रांतूनच वाचावे लागते.

एक मात्र उरले. १९५१ साली ड्यूमाँटवर जॅकी ग्लीसन या नटाने ‘हनीमूनर्स’ नावाचा छोटा प्रवेश सुरू केला. बस चालवणारा नवरा, त्याची खमकी बायको, दोन खोल्यांचा संसार. लोकांना तो भारी आवडला, आणि १९५२ मध्ये सी.बी.एस.ने ग्लीसनला जास्त पैसे देऊन उचलले. पुढे १९५५ मध्ये त्या प्रवेशाची मालिका सी.बी.एस.साठी करायची ठरली, तेव्हा ती टिपायला ड्यूमाँटच्याच इंजिनियरांनी केलेला इलेक्ट्रॉनिकॅम नावाचा कॅमेरा भाड्याने घेतला. टेलिव्हिजनचे चित्र आणि चांगली फिल्म तो एकाच वेळी देई. त्या फिल्मेवरचे एकोणचाळीस भाग आजही स्वच्छ दिसतात, आणि लोक ते सी.बी.एस.चे म्हणून पाहतात.